लेबलच्या रंगावरून जुनी रेकॉर्ड ओरिजनल आहे का ते कळतं? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भोकरच्या एका मित्राचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. जुनं घर पाडून नवीन बांधायचं म्हणून माळ्यावरचं सामान खाली काढलं, तर एका पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या तव्यासारख्या काळ्या रेकॉर्ड निघाल्या. दहा-बारा असतील. अर्ध्या फुटलेल्या. भंगारवाला दारात उभा होताच.

पण त्याच दिवशी मित्रानं एक रील बघितलं होतं. जुन्या रेकॉर्डचं लेबल अमुक रंगाचं असेल तर ती ओरिजनल आणि तिला लाखो रुपये मिळतात, असं त्या रीलमध्ये होतं. म्हणून त्यानं भंगारवाल्याला थांबवलं आणि मला फोटो टाकला. लेबल लालसर दिसतंय, पण उन्हानं रंग उडालाय, आता कसं ओळखायचं, असा त्याचा प्रश्न होता.

मी फोटो झूम केला. अर्धं फाटलेलं लेबल. त्यावर इंग्रजीत एक नाव मात्र स्पष्ट वाचता येत होतं. अब्दुल करीम खान.

आता हे नाव ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की किराणा घराण्याचं गाणं महाराष्ट्रात रुजवणारा हा माणूस. सवाई गंधर्वांचे गुरू. म्हणजे भीमसेन जोशींच्या गुरूंचे गुरू.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि खाँसाहेबांच्या आयुष्यातच अडकलो. कारण त्यांच्या रेकॉर्डचं लेबल वाचायचं तर आधी त्यांचं आयुष्य वाचावं लागतं.

आधी हे रंगाचं खूळ आलं कुठून ते बघू.

रंगावरून ओळखायची पद्धत खरी आहे, पण ती अमेरिकेतली

अमेरिकेत १९६० च्या दशकात सोल म्युझिक जोरात होतं. कृष्णवर्णीय कलाकारांचं चर्चमधल्या गाण्यातून आणि ब्लूजमधून आलेलं संगीत. मेम्फिस शहरातली स्टॅक्स ही त्यातली गाजलेली कंपनी. १९६८ पर्यंत स्टॅक्सच्या रेकॉर्डवर फिकट निळं लेबल असायचं. त्या वर्षी अटलांटिक या मोठ्या कंपनीबरोबरचा त्यांचा करार तुटला. जुन्या गाण्यांच्या मूळ टेप्सवरचा हक्कही हातातून गेला. स्टॅक्सनं नव्यानं सुरुवात केली आणि लेबल बदलून पिवळं केलं, त्यावर चुटकी वाजवणारा हात आला.

त्यामुळे संग्राहकांचं काम सोपं झालं. गाणं १९६६ चं आणि लेबल पिवळं, तर ती नंतरची छपाई. निळं असेल तर पहिल्या काळातली.

अशा पहिल्या छपाईला तिकडे खरंच वेड्यासारखा पैसा मिळतो. फ्रँक विल्सन नावाच्या गायकाच्या १९६५ सालच्या एका रेकॉर्डच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रती शिल्लक आहेत. त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला विकली गेली.

रीलवाल्यांनी हेच उचललं आणि भारतातल्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डला चिकटवलं. गडबड इथेच होते. कारण आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डवर रंगाचा अर्थ वेगळा होता. तो कसा, हे खाँसाहेबांच्या पहिल्या रेकॉर्डपाशी पोचलो की कळेल. त्याआधी खाँसाहेब तिथवर कसे पोचले ते बघू.

किराण्याहून बडोदा, बडोद्याहून मिरज

११ नोव्हेंबर १८७२. उत्तर प्रदेशातलं कैराना, ज्याला आपण किराणा म्हणतो, तिथे अब्दुल करीम यांचा जन्म झाला. घरात पिढ्यानपिढ्या गाणं आणि सारंगी. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. लहानपणीच ते गाऊ लागले. सारंगी, सतार, बीन ही वाद्यंही हातात बसली होती.

विशीत असताना भाऊ अब्दुल हक यांच्याबरोबर ते फिरत फिरत बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाडांचं राज्य. गाण्याला, शिक्षणाला राजाश्रय होता. दोघे भाऊ दरबारात गायक म्हणून राहिले.

तिथे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकायला लागली. दोघांचं प्रेम जमलं. एक मुसलमान गवई, दुसरी मराठा सरदाराची मुलगी, आणि काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. बडोद्यात राहणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबईत आले आणि पुढे मिरजेत स्थिरावले.

मिरजच का, याची एक गोष्ट सांगितली जाते. त्या काळात मुंबई-पुण्यापासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंत प्लेगनं थैमान घातलं होतं. खाँसाहेबांनाही प्लेगची गाठ आली. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी श्रद्धा आहे. गोष्टीवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण त्या दर्ग्याशी त्यांचं नातं शेवटपर्यंत तुटलं नाही हे मात्र खरं.

मिरज तसंही त्यांना मानवणारं गाव होतं. सतार आणि तानपुरा बनवणारे कारागीर तिथे होते. खाँसाहेबांना स्वतःला वाद्यं दुरुस्त करता यायची. तानपुरा जुळवायला ते किती वेळ घ्यायचे याच्या कथा आजही गाणाऱ्यांच्या घरात सांगतात. तानपुरा पूर्ण जुळला म्हणजे अर्धं गाणं झालं, असा त्यांचा हिशोब. याच मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला.

पहिली रेकॉर्ड: काळं लेबल आणि जर्मनीची छपाई

आता रेकॉर्डकडे येऊ.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा माणूस फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि भारतात व्यावसायिक रेकॉर्डिंगला सुरुवात झाली. गौहर जान तेव्हाच्या पहिल्या मोठ्या कलाकार. त्यानंतर कंपनीची माणसं दर काही वर्षांनी यंत्रं घेऊन यायची, देशभर फिरून गाणी टिपायची आणि परत जायची.

१९०५ च्या सुमारास अब्दुल करीम खाँसाहेबांनी या कंपनीसाठी गायलं. वय तिशीच्या थोडं पुढे.

तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खोबण कोरायची. वेळ जेमतेम तीन मिनिटांचा. तास-तासभर एक राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना सगळं उरकायला सांगायचं. ज्यांचं सगळं गाणं हळू आणि बारीक सुरांवर उभं होतं, त्यांना हा कर्णा किती अडचणीचा झाला असेल याचा अंदाज करा.

मेणाच्या त्या तबकड्या जहाजानं युरोपात जायच्या. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या कारखान्यात त्यांच्या रेकॉर्ड छापल्या जायच्या आणि परत भारतात विकायला यायच्या. हॅनोव्हरच्या कामगाराला कुठल्या तबकडीवर कोण गातंय हे कसं कळणार? म्हणून त्या काळातले अनेक कलाकार गाणं संपताना स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायचे. गौहर जान यांचं असं नाव सांगणं तर प्रसिद्धच आहे.

आता लेबल. त्या काळात ग्रामोफोन कंपनीचं नेहमीचं लेबल काळं असायचं, त्यावर सोनेरी अक्षरं. वरच्या बाजूला पिसानं तबकडीवर लिहिणाऱ्या देवदूताचं चित्र. आपला ओळखीचा कुत्रा अजून लेबलवर आला नव्हता. आणि गाणं एकाच बाजूला, दुसरी बाजू कोरी.

मग लाल रंग कुठे होता? तोही होता. पण युरोपातल्या ऑपेराच्या बड्या गायकांसाठी. लाल लेबल म्हणजे सेलिब्रिटी आणि जास्त किंमत, काळं म्हणजे नेहमीची रेकॉर्ड. पुढे जांभळट-तपकिरी रंगाचं प्लम लेबलही आलं. म्हणजे या कंपनीच्या लेखी रंगातून कलाकाराची पत आणि रेकॉर्डची किंमत कळायची. छपाई पहिली की दुसरी, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

ही गोष्ट लक्षात ठेवा. रीलमध्ये चूक होते ती इथेच.

मधली तीस वर्षं: शाळा, श्रुती आणि गाणारा कुत्रा

यानंतर जवळपास तीस वर्षं खाँसाहेबांच्या रेकॉर्ड निघाल्या नाहीत. आणि हीच त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात भरगच्च वर्षं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कुंदगोळचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला. रामभाऊ कुंदगोळकर. आवाज फारसा साथ देत नव्हता, पण चिकाटी जबरदस्त. खाँसाहेबांनी त्याच्याकडून वर्षानुवर्षं सूर घोटून घेतले. हाच मुलगा पुढे सवाई गंधर्व झाला.

१९१३ च्या सुमारास खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. पुढे ते मुंबईतही चाललं. गरीब मुलांना राहायला, जेवायला आणि शिकायला तिथेच. खर्च भागवायला खाँसाहेब जलसे करायचे. घराण्याची विद्या घराबाहेर जाऊ द्यायची नाही, असा तो काळ. त्या काळात एक उस्ताद शाळा काढतो आणि बाहेरच्या मुलांना शिकवतो, ही साधी गोष्ट नव्हती.

याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज जिल्हा न्यायाधीश एका प्रश्नामागे लागले होते. आपल्या सप्तकात २२ श्रुती असतात असं जुने ग्रंथ सांगतात. त्या खरंच गळ्यातून निघतात का? त्या मोजता येतात का? त्यांना असा गायक हवा होता, जो सुरातला केसाएवढा फरक गाऊन दाखवेल. तो गायक म्हणजे अब्दुल करीम खाँ. भातखंड्यांचं मत या बाबतीत वेगळं होतं आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेच्या काळात हा वाद चांगलाच रंगला. गवई अशिक्षित असतात, असं समजणाऱ्या जमान्यात हा गवई शास्त्राच्या प्रयोगाला बसला होता.

आणि एक गंमत. खाँसाहेबांकडे टिपूमियाँ नावाचा कुत्रा होता. सुराला सूर मिळवायला त्यांनी त्याला शिकवलं होतं, असं त्यांच्या शिष्यांच्या आठवणींमध्ये येतं. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसून गाणं ऐकणारा एचएमव्हीचा कुत्रा जगभर प्रसिद्ध झाला. आपल्याकडचा कुत्रा तर एक पाऊल पुढे जाऊन गात होता. फक्त त्याचं लेबल कुणी छापलं नाही.

दक्षिणेतही खाँसाहेबांना मान होता. म्हैसूरच्या दरबारानं त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. कर्नाटक संगीत ते मन लावून ऐकायचे. त्यातल्या सरगम गाण्याच्या पद्धतीचा त्यांच्या गाण्यावर परिणाम झाला. उत्तरेकडचा गवई त्यागराजांची कृती गातो, ही त्या काळात दुर्मिळ गोष्ट होती आणि ती त्यांनी केली.

घर फुटलं आणि नावं बदलली

बाहेर नाव होत असताना घरात मात्र बिनसत चाललं होतं.

ताराबाई आणि खाँसाहेबांना पाच मुलं. १९२२ मध्ये ताराबाईंनी मुलांना घेऊन वेगळं व्हायचं ठरवलं. नुसतं घर सोडलं नाही, मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमान झाला सुरेश. चंपाकली झाली हिराबाई. सकीना झाली सरस्वती. आडनाव लावलं आईचं, माने.

ही मुलं म्हणजे कोण, तर सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. महाराष्ट्रातल्या गाण्याचा पुढचा सगळा इतिहास या भावंडांशिवाय लिहिता येत नाही. हिराबाईंनी बायकांच्या गाण्याला तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत मानानं बसवलं. सुरेशबाबूंनी आणि हिराबाईंनी प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्यांना शिकवलं. हिराबाईंना स्वतःला तालीम मिळाली ती वडिलांच्या नात्यातल्या अब्दुल वहीद खाँ यांची.

आता या सगळ्याचा लेबलशी संबंध काय?

समजा तुमच्यासमोर एकाच वेळी तीन रेकॉर्ड ठेवल्या. एकीवर अब्दुल करीम खान, दुसरीवर हिराबाई बडोदेकर, तिसरीवर सुरेशबाबू माने. तिन्ही लेबलं कितीही नीट वाचा. ही बाप, लेक आणि लेकाची रेकॉर्ड आहे हे त्यातून कळणार नाही. गाणं लावलं की मात्र पहिल्या आलापात कळतं. लेबलवरची आडनावं तीन, पण सूर एकाच घरातला.

त्या काळातल्या लेबलवर आणखीही बरंच काही कळतं. नावाआधी कुणाला मास्टर, कुणाला प्रोफेसर, कुणाला मिस, कुणाला बाई. घरंदाज म्हणवणाऱ्या काही स्त्रियांच्या नावाशेजारी तर अमॅच्युअर असं छापलेलं असायचं. म्हणजे हौशी, पोटासाठी गाणाऱ्या नाहीत, एवढं सांगण्यासाठी. रंग बघण्याआधी हे वाचा. तो काळ कसा होता हे त्यातून जास्त कळतं.

साठीतला आवाज आणि ओडियनचं लेबल

१९२५ नंतर रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन आला. कर्ण्यात ओरडायची गरज संपली. हळुवार आवाजसुद्धा टिपता येऊ लागला. खाँसाहेबांच्या गाण्याला हवं होतं ते यंत्र अखेर आलं, पण तोवर ते साठीला टेकले होते.

१९३० च्या दशकाच्या मध्यात ओडियन या कंपनीनं त्यांच्याकडून बऱ्याच रेकॉर्ड करून घेतल्या. आज आपण यूट्यूबवर अब्दुल करीम खाँ म्हणून जे ऐकतो ते प्रामुख्यानं याच काळातलं. ख्याल आहेत, ठुमऱ्या आहेत, मानापमान नाटकातलं देवगांधारातलं पद आहे, त्यागराजांची कृती आहे. झिंझोटीतली ती प्रसिद्ध ठुमरी यातलीच. लहानग्या भीमसेनानं दुकानात खाँसाहेबांची ठुमरी ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून घर सोडलं, ही गोष्ट महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सगळ्यांना माहीत आहे.

म्हणजे हिशोब असा होतो. तिशीतला आवाज कर्ण्यातून आलेला, खरखरीत, एकाच बाजूच्या काळ्या लेबलखाली. साठीतला आवाज मायक्रोफोनचा, ओडियनच्या लेबलखाली. मधली तीस वर्षं, जेव्हा गळा आणि विद्या दोन्ही भरात होती, तेव्हाचं काही नाही. जे आहे ते एवढंच आहे. म्हणून त्यातली एकेक रेकॉर्ड जपायची.

सिंगपेरुमाळ कोविलचं स्टेशन

ऑक्टोबर १९३७. खाँसाहेब मद्रासला गेले होते. तिथून पाँडिचेरीला अरविंदांच्या आश्रमात जायचं ठरलं. रेल्वेनं निघाले. वाटेत छातीत दुखू लागलं. मद्रासपासून थोड्या अंतरावर सिंगपेरुमाळ कोविल नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथे ते उतरले.

शिष्यपरिवारात सांगितलं जातं ते असं. फलाटावर अंथरूण घातलं. त्यांनी तानपुरा जुळवून घ्यायला सांगितला. नमाज झाला. मग दरबारी रागात ईश्वराचं नाव गात गात ते शांत झाले. तारीख २७ ऑक्टोबर १९३७.

त्यांना मिरजेला आणलं. ज्या दर्ग्यात त्यांनी आयुष्यभर गाऊन हजेरी लावली, त्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. आजही दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या आठवणीत गाण्याच्या मैफली होतात. नावाजलेले कलाकार येऊन हजेरी लावून जातात.

मेल्यानंतर लेबल बदललं

माणूस गेला, रेकॉर्ड चालूच राहिल्या. आणि मित्राच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

ओडियन मूळची जर्मन. तिच्या मालक कंपनीवर कोलंबियाचा ताबा आधीच आला होता. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय तयार झाली. म्हणजे ओडियन, कोलंबिया, एचएमव्ही ही नावं दुकानात वेगवेगळी दिसायची, पण घर एकच. पुढे ओडियन मागे पडली आणि खाँसाहेबांची तीच गाणी कोलंबियाच्या लेबलवर पुन्हा निघाली. नंतर त्यांची एलपीही आली.

अमेरिकेत स्टॅक्सचं लेबल निळ्याचं पिवळं झालं. आपल्याकडे खाँसाहेबांच्या लेबलवर ओडियनच्या जागी कोलंबिया हे नाव आलं. प्रकार तोच. फक्त आपल्याकडे रंग बघून भागत नाही, चित्र बघावं लागतं.

मग घरात जुनी रेकॉर्ड सापडली तर काय बघायचं? क्रमानं सांगतो.

१. चित्र बघा. घुमट आणि खांब असलेली इमारत दिसली तर ओडियन. गाण्याच्या नोटेशनमधल्या दोन खुणा दिसल्या तर कोलंबिया. लिहिणारा देवदूत असेल तर ग्रामोफोन कंपनीचा सुरुवातीचा काळ. कर्ण्यासमोरचा कुत्रा असेल तर त्यानंतरचा. खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली गाणी ओडियनवर असतील तर पहिल्या काळातली, कोलंबियावर असतील तर नंतरची.

२. कंपनीचं पूर्ण नाव वाचा. ग्रामोफोन अँड टाइपरायटर असं असेल तर ते लेबल १९०८ च्या आधीचं. ही कंपनी काही काळ खरंच टाइपरायटर विकायची. १९०७ च्या शेवटी नावातून टाइपरायटर गेला.

३. छपाई कुठली ते बघा. हॅनोव्हरचा उल्लेख असेल तर जर्मनीतली. १९०८ मध्ये कोलकात्याला सियालदहला कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर रेकॉर्ड इथेच छापल्या जाऊ लागल्या. पुढे कारखाना डमडमला गेला.

४. दुसरी बाजू बघा. कोरी असेल तर फार जुनी.

५. लेबलच्या कडेला बघा. खोबण संपते आणि लेबल सुरू होतं त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात एक नंबर कोरलेला असतो. कधी तो लेबलच्या कागदाखाली दबलेला असतो. हा मूळ तबकडीचा, म्हणजे मॅट्रिक्सचा नंबर. लेबलवरचा कॅटलॉग नंबर नव्या छपाईत बदलू शकतो. मॅट्रिक्स नंबर मूळ रेकॉर्डिंगशी बांधलेला असतो. लेबल फाटलं, रंग उडाला, तरी हा राहतो.

६. रंग सगळ्यात शेवटी बघा. एकाच कंपनीची लेबलं वेगवेगळ्या रंगांत असायची. कधी किमतीप्रमाणे, कधी मालिकेप्रमाणे. लाल म्हणजे दुर्मिळ, हे डोक्यातून काढून टाका.

आणि तीन गोष्टी अजिबात करू नका. या रेकॉर्ड लाखेपासून बनवलेल्या असतात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून पुसल्या तर लाख विरघळते आणि खोबणीसकट गाणं जातं. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, तेवढं पुरे. एलपीच्या प्लेयरवर नेहमीच्या सुईनं ७८ ची रेकॉर्ड लावू नका. तिची खोबण रुंद असते, सुई वेगळी लागते. आणि आडव्या ढिगात रचू नका, उभ्या ठेवा. काचेसारख्या फुटतात.

ओरिजनल छपाईचा हट्ट संग्राहक का धरतात, हेही समजून घ्या. प्रश्न फक्त पैशाचा नाही. सुरुवातीच्या छपाईचे साचे ताजे असतात, आवाज स्वच्छ येतो. नंतरच्या काळात जुन्या साच्यावरून किंवा जुन्या रेकॉर्डवरूनच नवी प्रत काढली, तर बारीक तपशील जातो. आणि ज्या माणसाचं सगळं गाणं बारीक श्रुतींवर उभं आहे, त्याच्या बाबतीत हा तपशील म्हणजेच गाणं. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून अशा रेकॉर्डची माहिती जमवतेय. खाँसाहेबांच्या रेकॉर्डची तर मायकेल किनियर या अभ्यासकानं अख्खी सूची पुस्तकरूपानं केली आहे.

मग भोकरच्या पेटीतल्या रेकॉर्डचं काय झालं?

मित्राला उजेडात धरून परत फोटो काढायला सांगितले. रंग काही कळला नाही. लाल होता, तपकिरी होता की आणखी काही, देव जाणे. पण कोपऱ्यात दोन नोटेशनच्या खुणा दिसल्या. कोलंबिया. म्हणजे नंतरची छपाई. गाणं तेच, झिंझोटीतली ठुमरी.

लाख रुपये मिळणार नाहीत, असं त्याला स्पष्ट सांगितलं. थोडा नाराज झाला.

मग आम्ही ती रेकॉर्ड कापडात गुंडाळून नांदेडला नेली. एका ओळखीच्या काकांकडे चावीचा ग्रामोफोन आहे. काकांनी सुई बदलली, चावी भरली. आधी बराच वेळ नुसती खरखर. मग त्यातून तो आवाज वर आला. मित्राची आजी सोबत आली होती. तिला गाणाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, घराणं माहीत नव्हतं. पण मालक संध्याकाळी हेच लावायचे, एवढं तिनं लगेच ओळखलं.

आजोबांनी ही रेकॉर्ड कुठून आणली, कधी आणली, हे सांगायला आता कुणी नाही. भोकर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं की स्वतंत्र भारतात, तेही त्या लेबलवरून कळलं नाही. पण मिरजेच्या त्या गवयाचा आवाज मराठवाड्यातल्या एका घरात रोज संध्याकाळी लागत होता, एवढं मात्र त्या दिवशी कळलं.

नवीन घर आता स्लॅबपर्यंत आलंय. पेटीतल्या फुटक्या रेकॉर्ड गेल्या. ही एक राहिली. मित्रानं ती जाड पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून उभी ठेवली आहे आणि पाकिटावर मार्करनं आजोबांचं नाव लिहिलं आहे.

तुमच्याही घरात माळ्यावर अशी पेटी असेल. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लेबल वाचा. रंग उडाला असला तरी वाचण्यासारखं बरंच उरलेलं असतं.